सत्तर-दोनशे

"पक्षी काढणार म्हणताय न्हवं ताई? मग दोनशेत काय हुतंय?" दुकानाचे मालक बागवान म्हणाले आणि त्यांनी काउंटरवरची दुसरी लेन्स कुंदाकडे सरकवली.

कोल्हापूरच्या त्या दुकानात आम्ही देवरुखहून सकाळची गाडी पकडून आलो होतो. काउंटरवर कुंदाचा नवा मिररलेस कॅमेरा होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन लेन्स. एक शंभर-चारशेची, एक सत्तर-दोनशेची. पुढचा आकडा जितका मोठा, तितका लांबचा पक्षी जवळ दिसतो, एवढं कुंदालाही माहीत होतं. किमतीत दोन्हींमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. तरी ती लेन्सकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"वहिनी, तू सांग."

"देवराईत उजेड किती असतो माहीत आहे ना तुला?" मी म्हणाले. "सकाळी आठपर्यंत अंधारच म्हणायचा. चारशेची लेन्स उजेड कमी घेते. फोटो दाणेदार येणार, हललेले येणार. ही सत्तर-दोनशे त्याच्या चौपट उजेड घेते."

"त्ये बरोबर हाय मॅडमचं," बागवान म्हणाले. "पर आता ह्या नव्या कॅमेऱ्यांत अंधारातबी बरं निघतंय. पक्षी लांब असला की शेवटी लांबीच लागती. न्हाईतर हिला मागं कन्व्हर्टर लावा, दुप्पट हुईल."

"कन्व्हर्टरने धार जाते," मी म्हणाले.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अकरा वर्षं मी पक्ष्यांचे फोटो काढत होते, मला हे सगळं तोंडपाठ होतं. मी स्वतः मात्र सहाशेपर्यंत जाणारी लेन्स वापरत होते आणि तिच्याखाली कधी काही विकत घेतलं नसतं, हे त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा, उदयचा फोन आला. दुकानात आवाज नीट येत नव्हता म्हणून मी बाहेर रस्त्यावर गेले. पाचेक मिनिटांनी परत आले तर कुंदा पाकीट उघडून उभी होती.

"वहिनी म्हणते तीच द्या," ती बागवानांना म्हणाली.

बागवानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खोकं बांधायला लागले.

कुंदा माझी नणंद. उदयपेक्षा पाच वर्षांनी लहान, माझ्यापेक्षा तीन. लग्न केलं नाही, का केलं नाही ते आमच्या घरात कुणी विचारत नसे. देवरुखच्या पोस्टात काउंटरला होती. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. आमचा मुलगा शिकायला पुण्याला. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होते. कुंदा पोस्टातून पाच वाजता यायची, चहा टाकायची, माझ्यासाठी झाकून ठेवायची. वीस वर्षांत आमचं मोठं भांडण असं झालं नव्हतं.

मी नवीन कॅमेरा-बॉडी घेतली तेव्हा जुना कॅमेरा आणि त्याच्याबरोबरची साधी लेन्स तिला देऊन टाकली. कपाटात पडून राहण्यापेक्षा बरं, एवढाच विचार. ती परसात बसून काहीबाही काढत असायची. तीन महिन्यांनी एका रविवारी तिने मला स्क्रीन दाखवली. आमच्या दगडी डोणीत नाचरा आंघोळ करत होता. शेपटीचा पंखा पूर्ण उघडलेला, एकेक थेंब वेगळा, आणि पक्ष्याचा डोळा सरळ बघणाऱ्यावर रोखलेला. त्याच डोणीसमोर मी चार वर्षं बसले होते. माझ्याकडे नाचऱ्याचे दोनशे फोटो होते, त्यात हा नव्हता.

"बरा आलाय," मी म्हणाले.

उदयने तो आपल्या मोबाइलच्या पडद्यावर लावला. माझा एकही फोटो त्याने कधी तिथे लावला नव्हता. रत्नागिरीला आमच्या पक्षिमित्र मंडळींचं प्रदर्शन झालं, तिथे माझे आठ आणि कुंदाचा तो एक. लोक माझ्या आठांसमोरून चालत यायचे आणि त्या एकापाशी थांबायचे. एका डॉक्टरांनी मला विचारलं, "या कुंदाताई कोण? तुमच्या ओळखीच्या आहेत का?" मी म्हटलं, माझ्या नणंदबाई. ते म्हणाले, "मग तुम्ही त्यांच्याकडून शिकत असाल." ते चेष्टेत म्हणाले असतील. मी परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलले नाही आणि नंतरही बरेच दिवस कुंदाशी कामापुरतंच बोलत राहिले. ती चहा झाकून ठेवतच होती.

मग तिने पैसे साठवून मिररलेस घेतला आणि लेन्सचं माझ्यावर सोपवलं.

आमच्या गावापासून बारा किलोमीटरवर एक देवराई आहे. तिथल्या बेहड्याच्या झाडाला, वर पंचवीस-तीस फुटांवर, एक ढोली आहे आणि तिथे दर वर्षी धनेशाची जोडी घर करायची. आमच्याकडे त्याला ककणेर म्हणतात. मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. दोन-अडीच महिने ती आतच. अंडी, मग पिल्लं. तेवढे दिवस नर बाहेरून खायला आणून त्या फटीतून भरवतो. त्याने आणलं नाही तर आतली उपाशी.

देवळाचे गुरव सदूकाका त्या ढोलीवर लक्ष ठेवायचे. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. झाडापासून सत्तर पावलांवर जांभ्या दगडाचा जुना बांध होता, तिथून पुढे ते कुणाला जाऊ देत नसत. मला त्यांनी सात वर्षं तिथे बसू दिलं होतं ते मी बांध कधी ओलांडला नाही म्हणून.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी कुंदाला तिथे पहिल्यांदा नेलं. बांधाच्या अलीकडे बसलो. साडेसातला नर आला. पंखांचा तो मोठा घुसघुस आवाज ऐकून कुंदाने माझा हात धरला. नर खोडाला टेकला, मान वर करून घशातून एक फळ चोचीत आणलं आणि फटीत दिलं. मग दुसरं, मग तिसरं. माझ्या कॅमेऱ्यात त्याच्या पापणीचे केस दिसत होते.

तो उडून गेल्यावर कुंदाने आपली स्क्रीन माझ्यापुढे केली. खोड, पानं, आणि मध्ये कुठेतरी अंगठ्याच्या नखाएवढा पक्षी.

"एवढाच दिसतो गं."

"हं."

"थोडं पुढे जाऊन बसलं तर? त्या पडलेल्या झाडाआड. चालेल का?"

तेव्हा मी तिला नाही म्हणायला हवं होतं. बांधाचं काय ते सांगायला हवं होतं. सदूकाका त्या वेळी देवळाकडे गेले होते, त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, ते माझ्यावर अवलंबून होते. मी माझ्या लेन्सला झाकण लावलं आणि म्हणाले, "मी काय सांगणार? तुझं तू बघ."

पुढच्या आठवड्यात शाळेत वार्षिक परीक्षा होती. पेपर तपासायचे होते. कुंदाने पोस्टातून चार दिवस रजा काढली आणि सकाळी स्कूटर घेऊन एकटीच जायला लागली. सदूकाका भाचीच्या लग्नाला मुंबईला गेल्याचं मला तिच्याकडूनच कळलं.

सोमवारी संध्याकाळी तिने फोटो दाखवले. मी पेपरांच्या गठ्ठ्यावरून मान वर केली. पक्षी आता बोटभर झाला होता. फोटो कापून मोठे केलेले नव्हते, ती कॅमेऱ्यावरच दाखवत होती. त्या लेन्सने पक्षी एवढा दिसायचा तर ती झाडापासून किती पावलांवर असणार, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. ती बांधाच्या आत गेली होती.

"मस्त आलेत की गं," उदय तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला.

मंगळवारी पक्षी तळहाताएवढा होता. नर आडव्या फांदीवर बसला होता, मान थोडी वळवलेली, चोचीवर सकाळचं ऊन. मी तसा फोटो कधी काढला नव्हता. मग मी आणखी एक गोष्ट पाहिली. नराचा घसा फुगलेला होता. घशात फळं होती आणि तो फांदीवर बसून होता. पुढचा फोटो, त्याच फांदीवर. त्याच्या पुढचा, त्याच फांदीवर. सगळ्या फोटोंत मिळून तो ढोलीला टेकलेला एकही नव्हता.

"भरवतानाचा नाही मिळाला?" मी विचारलं.

"नाही गं. बसून राहतो आणि उडून जातो. उद्या मिळेल."

नर कशाला घाबरतोय हे मला कळत होतं. "कुंदा, उद्या जाऊ नकोस" एवढं म्हणायचं होतं. मी लाल पेन उचललं आणि पुढचा पेपर घेतला. स्वतःला सांगितलं की नर दुपारी येत असेल, ती घरी आल्यावर भरवत असेल. कुंदा दुपारी चारपर्यंत तिथे बसत होती, हेही मला माहीत होतं.

बुधवारीही तसेच फोटो आले. त्यातला एक इतका सुंदर होता की मी तो तिला पुन्हा दाखवायला सांगितला.

गुरुवारी दुपारी मुंबईहून परतलेले सदूकाका आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. पायरीवरच उभे राहिले, आत या म्हटलं तर आले नाहीत.

"चला," ते म्हणाले. "दोघी चला."

कुंदा त्या दिवशी अर्ध्यातून परत आली होती. नर सकाळपासून दिसलाच नव्हता, म्हणून. आम्ही दोघी त्यांच्यामागे गेलो.

ढोलीचं तोंड फुटलेलं होतं. लिंपणाचे ढेकळासारखे तुकडे झाडाखाली पडले होते. मादीने आतून फोडून स्वतःला सोडवलं होतं. सदूकाकांनी शिडी लावली होती. खाली, पानावर, त्यांनी दोन पिल्लं काढून ठेवली होती. अंगावर पीस नव्हतं, पोटं खपाटीला गेलेली. मुंग्या लागल्या होत्या.

कुंदा खाली बसली. तिने मुंग्या झटकायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

पडलेल्या झाडाआड गवत दबलेलं होतं. सदूकाका तिकडे बघत होते.

"हितं कोन बसलां व्हतां?"

"मी," कुंदा म्हणाली. "तीन दिवस. आणि आज सकाळी."

सदूकाका माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "वैनी, तुमी हिला बांधाचा सांगितलात न्हाय?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

कुंदाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सदूकाकांकडे बघत राहिले. ती आता म्हणेल, नाही सांगितलं, याची मी वाट पाहिली.

"माझं चुकलं, काका," ती म्हणाली.

त्यानंतर तिने कॅमेरा हातात धरला नाही. माझ्या कपाटात, खालच्या खणात ठेवून दिला. चहा पूर्वीसारखाच झाकून ठेवायची. उदयने विचारलं तर म्हणाली, वेळ होत नाही रे दादा. त्या उन्हाळ्यात मी खूप फोटो काढले. कुणी कुणाशी तुलना करत नव्हतं, आणि मला सुख होतं असं मी म्हणेन, कारण होतं. कपाट उघडताना मात्र मी खालच्या खणाकडे बघायचं टाळायचे.

गणपती झाले आणि कुंदाने राजापूरला बदली मागून घेतली. उदयला फार लागलं ते. "इथं काय कमी होतं तिला?" तो मला विचारत राहिला.

ती निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती. मी कॅमेऱ्याची बॅग तिच्या पलंगावर ठेवली.

"हा राहिला."

"तुझ्याकडेच ठेव. नाहीतर विकून टाक."

मी उभीच राहिले. मग म्हणाले, "कुंदा, ती लेन्स तुझ्या कामाची नव्हती. मला माहीत होतं."

ती कपबशी गुंडाळत राहिली. "मलाही माहीत होतं."

"कधीपासून?"

"दुकानातच कळलं. तू फोनवर बोलायला बाहेर गेलीस ना, तेव्हा बागवानांनी दोन्ही लावून दाखवल्या. समोरच्या पाण्याच्या टाकीवर घार बसली होती. दोनशेत घार दिसत होती. चारशेत तिचा डोळा दिसत होता."

"मग तीच का नाही घेतलीस?"

"घेतली असती तर तू घरी येईपर्यंत बोलली नसतीस. नंतरही महिनाभर नाही. प्रदर्शनानंतर नव्हतीसच बोलत." तिने कपबशी खोक्यात ठेवली. "मला याच घरात राहायचं होतं ना, वहिनी."

मला बसायला जागा हवी होती. पलंगावर बॅग होती, बाजूला खोकी होती.

"बांध ओलांडला तो मी," ती म्हणाली. "मी मूर्ख नाही. तो दगडी बांध कशासाठी असेल ते मला कळायला हवं होतं. नर बिचकतोय हेही. फोटो चांगले येत होते, मला उठवेना. ते माझं मी बघेन. पण सदूकाकांना तू तसं का सांगितलंस? मी तुझं नाव घेणारच नव्हते."

तिने थोडी वाट पाहिली आणि मग पुढचा कप उचलला.

दुसऱ्या दिवशी तिचा टेम्पो गेला आणि मी स्कूटर काढून देवराईत गेले. सदूकाका देवळापुढचं अंगण झाडत होते. मी सगळं सांगितलं. तिला बांधाचं सांगितलं नव्हतं. तिने विचारलं होतं तरी सांगितलं नव्हतं.

ते झाडत होते ते थांबले.

"ती फोटो दाखवायची तुमाला?"

"हो. रोज संध्याकाळी."

"मंग नर ढोलीवर जात न्हाय, ता तुमाला दिसत आसंल."

मी ते त्यांना सांगितलं नव्हतं. कुंदालाही नाही. उदयलाही नाही.

"दिसत होतं," मी म्हणाले.

"किती दिस?"

"दोन. मंगळवारी आणि बुधवारी."

त्यांनी खराटा भिंतीला टेकवून ठेवला. उपरण्याने हात पुसले. "वैनी, तुमी आता हिकडं येव नका," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "कुंदाबायला सांगा, यायचा आसंल तर ये म्हनावं."

मी निरोप पोचवला. फोनवरच सांगितला, आणि तो त्यांनी का दिला तेही, मंगळवार-बुधवारसकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." एवढंच. पुढच्या वर्षी जोडी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली आणि कुंदा राजापूरहून तिथे जायला लागली. कॅमेरा ती मध्ये एका सणाला येऊन घेऊन गेली होती. लेन्स नवी घेतली, कुणाला न विचारता. मी आजतागायत तिकडे गेलेले नाही.

या सगळ्याला आता आठ वर्षं होतील. कुंदा सणावारी येते. उदयला मी हे तीन वर्षांपूर्वी सांगितलं. तो बराच वेळ परसात जाऊन बसला होता. नंतर आत येऊन जेवला. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात शास्त्री नदीवर मला पाणमांजरांचं एक कुटुंब सापडलं. आई आणि तीन पिल्लं, खडकावर मासा खाताना. चौदा सकाळी चिखलात पडून राहिले तेव्हा मिळालेला फोटो. एका वर्तमानपत्राने तो रविवारच्या पुरवणीत अर्धं पान छापला. सकाळी सात वाजता पहिला फोन कुंदाचा.

"वहिनी, आत्ताच पाहिला. पोस्टातल्या सगळ्यांना दाखवणार आहे उद्या. मधल्या पिल्लाच्या मिशांवर पाणी आहे बघ. कसं मिळवलंस गं?"

ती बोलत राहिली. किती वाजता गेले, कुठे बसले, पाणमांजरांना माझा वास कसा लागला नाही, सगळं विचारत राहिली. मी उत्तरं देत होते आणि कान देऊन ऐकत होते. तिच्या आवाजात कुठेतरी, एखाद्या शब्दात तरी, तिचे फोटो बघताना मला व्हायचं ते असेल असं मला वाटत होतं. मी ओळखलं असतं. माझ्याइतकं कुणी ओळखलं नसतं.

तिने फोन ठेवला तरी मी कानाला धरून उभी होते. मला ते कुठेच सापडलं नव्हतं, आणि त्याचाही मला हेवा वाटत होता.